पाण्याच्या पायाशी दोन

आर्णी तालुक्यात माझ्या मामेसासऱ्यांच्या परवानगीशिवाय हायड्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होत नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. तीस-एक वर्षं त्यांनी तिथल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर ते भेटेल त्याला शिकवू लागले. जग त्यांना सतत धक्के देत असे. पहिला मोठा धक्का वर्गातच बसला. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं, हे समीकरण फळ्यावर होतं. डावीकडं ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडं एकच. पाण्याच्या पुढं दोन लिहायचे सोडून एका हुशार मुलीनं ते ऑक्सिजनच्या पायाशी लिहिले. दोन्ही बाजू जुळल्या, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे जखमा धुवायचं औषध झालं. मामाजी मटकन खुर्चीत बसले. कोणीतरी प्यायला पाणी आणलं, तेही त्यांनी आधी हुंगून पाहिलं. बैठकीला माणूस कमी पडला म्हणून आहे त्यालाच दुसरं डोकं लावतात काय, असं त्यांनी वर्गाला विचारलं म्हणतात. "किती घ्याचे ते ठरवा," हा त्यांचा मंत्र, "पण सूत्रात हात घालू नका."

हा मंत्र घरातही चाले. एकदा पाहुणे वाढले म्हणून मामीजींनी वरणात पाणी ओतलं, तर हे भरल्या ताटावरून उठले आणि 'वरणाचं सूत्रच बदललं' म्हणत अंगणात फिरत राहिले. एकुलत्या एका मुलीचं नाव त्यांनी उत्प्रेरक या शब्दावरून उत्प्रेरणा ठेवलं. बारशाला आलेल्या बायकांना पाळण्यात ते म्हणता येईना, तेव्हा मामाजींनी त्यांच्याकडून तीनदा घोकून घेतलं.

तिचं लग्न ठरलं वणीच्या मुलाशी. सप्तपदी झाली, तांदळाचं ताट आलं आणि जावई अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायला वाकला. मामाजींनी ताटावर पंजा दाबून धरला.

"मास्तर, आमच्यात पद्धत हाय," मुलाचे काका म्हणाले.

"घरी एक माणूस वाढवा. माणूस बदलू नका."

मुलाची आई पदर सावरत उठली. आता हे लग्न मांडवातच मोडतं, अशी मला भीती वाटली. मामाजींचा हात काही हलेना. तेवढ्यात नवरीच खाली मान घालून म्हणाली, "बाबा, मीच सांगतलं त्यायले. प्राची लिहा म्हणून."

"तू? काहून?"

"हजेरीले सारा वर्ग हासे. तुमाले कधी सांगतलं नाही."

मामाजींना बसलेले धक्के मी पुष्कळ पाहिले होते. या वेळी मात्र ते मटकन बसले नाहीत की उठून गेले नाहीत. त्यांनी हात उचलला. तांदळात पाच बोटं उमटली होती. जावयानं ती पुसली नाहीत, त्यांच्या शेजारी, ताटाच्या कडेला उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत नाव लिहिलं.

आता वणीत सगळे तिला प्राची म्हणतात. मामाजी कुठल्याच नावानं हाक मारत नाहीत. ती रोज संध्याकाळी फोन करते. "बाबा, मी बोलून राह्यली," एवढंच म्हणते. मामाजी फोन कानाशी घट्ट धरतात आणि विचारतात, "जेवली काय?"