नव्वद अंशांपर्यंतचं भांडण

"तो चॅनेल बंद कर, नाहीतर मी उठून जाईन!" मिस्टर अर्ल ओरडले.

उठून जाणं त्यांच्या हातात नव्हतं. उजव्या गुडघ्याचा सांधा नुकताच बदललेला होता आणि वॉकर भिंतीशी उभा होता.

"जा की," शेजारच्या टेबलावरून मिस्टर फ्रँक म्हणाले. "वॉकर मागवू?"

हे २००४ सालच्या उन्हाळ्यातलं. मी मूळचा मिरजेचा, सौदीत जेद्दातल्या एका खाजगी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होतो. आमच्या जिममध्ये व्यायामाची टेबलं होती, एक सायकल होती आणि भिंतीवर एकच टीव्ही. रिमोट आमच्या अटेंडंटकडे, दापोलीच्या इब्राहीमभाईंकडे असायचा.

दोन्ही पेशंट अमेरिकन, दोघांचंही गुडघ्याचंच ऑपरेशन. मिस्टर अर्ल टेक्सासचे, यान्बूच्या एका प्लांटवर मेंटेनन्स मॅनेजर. अंगाने दांडगे, आवाज त्याहून दांडगा. मिस्टर फ्रँक बोस्टनचे, जेद्दातच एका ट्रेनिंग सेंटरमध्ये इंग्रजी शिकवायचे. बारीक, चष्मेवाले, हळू आवाजात झोंबेल असं बोलणारे.

भांडण इराकच्या युद्धावरून होतं. इराककडे संहारक अस्त्रं आहेत, असं युद्धाआधी अमेरिकेच्या गुप्तचर खात्यांनी सांगितलं होतं. युद्ध झालं, अस्त्रं सापडली नाहीत. मग खात्यांची चूक, की सरकारने त्यांच्याकडून हवं ते वदवून घेतलं? मिस्टर अर्ल सरकारच्या पक्षाचे, मिस्टर फ्रँक विरोधी पक्षाचे. अर्लच्या मते फ्रँकचा चॅनेल खोटारडा आणि फ्रँकच्या मते अर्लचा.

आरडाओरडा ऐकून आमचे हेड डॉक्टर फहमी आले. इजिप्तचे, शिस्तीचे.

"मिस्टर दिलीप, हे हॉस्पिटल आहे, पार्लमेंट नव्हे. उद्यापासून एक सकाळी, एक संध्याकाळी. खलास."

झालं. जिम शांत झाली आणि मिस्टर अर्लचा गुडघा अडला.

या ऑपरेशननंतर गुडघा लवकर वाकवावा लागतो, नाहीतर आत सगळं चिकटून बसतं. निदान नव्वद अंश वाकला तर माणूस खुर्चीत नीट बसतो, जिना चढतो. आम्ही गोनिओमीटरने मोजतो. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडल्या तर जसं दिसेल, तसं ते साधन. मिस्टर फ्रँक नव्वदच्या पुढे गेले होते. मिस्टर अर्ल सत्तरवर थांबले होते. एवढा मोठा माणूस, पण दुखण्याला फार भ्यायचा. मी पायाला हात लावण्याआधीच ते मांडीचा स्नायू आवळून धरायचे. स्नायू आवळला की गुडघा वाकत नाही. जोर लावला की दुखतं. दुखलं की माणूस आणखी आवळतो.

सर्जननी सांगितलं, "पुढच्या शनिवारी बघू. नव्वद झाला नाही तर भूल देऊन वाकवू."

म्हणजे पुन्हा ऑपरेशन थिएटर. मिस्टर अर्लचा चेहराच उतरला. "दिलीप, ते नको," एवढंच म्हणाले.

मग एके दिवशी सकाळी मिस्टर फ्रँकची गाडी चेकपोस्टवर अडकली आणि त्यांची वेळ चुकली. त्या वर्षी परदेशी लोकांवर हल्ले झाले होते, बंदोबस्त कडक होता. ते संध्याकाळी आले तेव्हा मिस्टर अर्लचा व्यायाम चालू होता. डॉक्टर फहमी मीटिंगला गेले होते. मी दोघांनाही बसवलं. टीव्हीवर सेनेटच्या कमिटीच्या रिपोर्टची बातमी लागली होती.

"बघा, गुप्तचरांनीच चूक केली म्हणतात. सरकार काय करणार?" मिस्टर अर्ल म्हणाले.

"सरकारने त्या माहितीचं काय केलं, ते निवडणुकीनंतर तपासणार आहेत. तोवर टाळ्या वाजवू नका."

मिस्टर अर्ल टेबलाच्या कडेला सरकले, पुढे वाकले आणि बोट नाचवत बोलायला लागले. बोलता बोलता त्यांचा उजवा पाय मागे सरकत टेबलाखाली गेला. मी गुपचूप खाली बसून गोनिओमीटर लावला. चौऱ्याऐंशी.

"काय करतोस?" त्यांनी खाली बघून विचारलं. लगेच मांडी आवळली, पाय पुढे आला.

"काही नाही. तुम्ही बोला."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर फहमींपुढे उभा राहिलो.

"मला दोघं एकाच वेळी हवेत, सर."

"का? जिम मोडायची आहे?"

"मिस्टर अर्ल चिडले की मांडी आवळायला विसरतात."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. हसू आवरत होते. "शनिवारपर्यंत. एक तक्रार आली तर तुझा इकामा घेऊन माझ्याकडे यायचं. यल्ला, निघ." इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना; तो गेला की परत मिरज.

मी दोघांना नियम सांगितला. अर्धा वेळ एकाचा चॅनेल, अर्धा वेळ दुसऱ्याचा. दुसऱ्याचा चॅनेल चालू असताना आपण व्यायाम करायचा. दोघांनीही लगेच मान्य केलं. प्रत्येकाला वाटलं, आता समोरच्याला चांगलं ऐकवू.

मीही मग बातम्या लक्ष देऊन बघायला लागलो. रिपोर्ट सांगायला कमिटीची दोन माणसं एकाच टेबलाशी बसली होती, दोन पक्षांची. मिस्टर अर्लच्या चॅनेलवर एकटा एक बोलायचा, मिस्टर फ्रँकच्या चॅनेलवर एकटा दुसरा. शेजाऱ्याचं कोपर तेवढं कडेला दिसायचं. एक म्हणे, गुप्तचरांवर कुणी दबाव आणल्याचा पुरावा मिळाला नाही. दुसरा म्हणे, दबाव होताच. दोघांच्या मध्ये पाण्याचा एकच जग. दोन्ही चॅनेल बघितले नसते तर तो जग सामाईक आहे हे मला कळलं नसतं.

मिस्टर अर्ल सायकलवर बसून फ्रँकच्या चॅनेलला शिव्या घालायचे आणि पायडल मारायचे. आधी अर्धाच फेरा जायचा, गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीआधी पूर्ण फेरा फिरला. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"सर, हे दोघं एकाच देशाचे ना?" इब्राहीमभाईंनी मला विचारलं.

"हो."

"मग भांडायला एवढ्या लांब कशाला आले?"

आणि त्यांनी सहज बटण दाबून अरबी बातम्या लावल्या. पडद्यावर तिसराच माणूस तिसरंच काही सांगत होता. खाली इंग्रजी भाषांतर येत होतं.

"हे साफ खोटं आहे!" मिस्टर अर्ल आणि मिस्टर फ्रँक एका सुरात ओरडले. मग एकमेकांकडे बघून दोघं इतके हसले की मला सायकल धरून ठेवावी लागली.

"दिलीप, तू सांग," मिस्टर अर्ल डोळे पुसत म्हणाले, "आमच्यात पक्षपाती कोण?"

"मी इकाम्यावर आहे, सर. मला फक्त गुडघ्याबद्दल मत आहे. वाकवा."

शुक्रवारी जिम बंद होती, पण मी या दोघांसाठी दुपारी उघडली. मिस्टर अर्ल आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. टीव्हीकडे बघेनात. पाय हातात घेतला तर लाकडासारखा. पुन्हा सत्तर.

मिस्टर फ्रँकनी दोनदा डिवचलं. मिस्टर अर्ल गुडघ्यावरची पट्टी सारखी करत राहिले.

"काय झालं?" मिस्टर फ्रँकनी शेवटी सरळ विचारलं.

"माझा मुलगा तिथे आहे," मिस्टर अर्ल म्हणाले. "बगदादच्या उत्तरेला. ट्रक दुरुस्त करतो. काल त्याच्या तळावर मारा झाला. फोन लागत नाही."

इतके दिवस भांडले, पण हे त्यांनी कधी काढलं नव्हतं. मुद्दा म्हणूनसुद्धा नाही.

मिस्टर फ्रँकनी इब्राहीमभाईंकडून रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. चालू होता तो त्यांचाच चॅनेल. काठी टेकत ते अर्लच्या शेजारी जाऊन बसले.

"नाव काय त्याचं?"

"टॉमी."

"मी या युद्धाविरुद्ध आहे अर्ल, टॉमीविरुद्ध नाही."

"ठाऊक आहे."

नंतर बराच वेळ ते टॉमीबद्दल बोलत बसले. लहानपणी त्याने बापाचं गवत कापायचं मशीन सुटं सुटं केलं होतं आणि एक स्क्रू जास्त उरला होता, असं काहीतरी. मी व्यायाम घेतला नाही. इब्राहीमभाईंनी चहा केला. उद्या सर्जन बघणार होते आणि मला भुलेचं इंजेक्शन डोळ्यांपुढे दिसत होतं, पण गोनिओमीटर मी खिशातच ठेवला.

शनिवारी सकाळी जिमचं दार धाडकन उघडलं. मिस्टर अर्ल वॉकर ढकलत आत आले.

"टॉमीचा फोन आला! पोरगा ठीक आहे! जेवण वाईट आहे म्हणून कुरकुरतोय!" मग त्यांनी सायकलवर बसलेल्या मिस्टर फ्रँककडे बघून आरोळी ठोकली, "लाव तुझा तो खोटारडा चॅनेल! आज मला फार ताकद आहे!"

मिस्टर फ्रँक सायकलवरून उतरले आणि त्यांनी अर्लला मिठी मारली. मग खरोखरच चॅनेल लावला.

त्या दिवशी दोघं जे भांडले, ते मी आयुष्यात विसरणार नाही. मधेच सर्जन आणि डॉक्टर फहमी आत आले. मी खुणेनेच त्यांना दारात थांबवलं आणि खाली बसून गोनिओमीटर लावला. ब्याण्णव. सर्जननी स्वतः वाकून आकडा बघितला.

"भूल नको," ते म्हणाले.

"आता मी किती वाकवला?" मिस्टर अर्लनी विचारलं. सांगितल्यावर त्यांचा विश्वासच बसेना. मोजण्यात माझा पक्षपात आहे म्हणाले. शेवटी मिस्टर फ्रँकनी चष्मा लावून आकडा वाचला, तेव्हा कुठे पटलं.

डॉक्टर फहमींनी मला बाहेर बोलावलं. "ही ट्रीटमेंट फाइलमध्ये काय म्हणून लिहिणार आहेस?"

"ग्रुप थेरपी, सर."

"लिही," ते म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात आणखी दोन गुडघे याच वेळेला लावून दिले. ते दोघं एकाच मताचे निघाले. काही उपयोग झाला नाही.

शरद ऋतूत मिस्टर अर्ल यान्बूहून स्वतः गाडी चालवत जेद्दाला आले. अमेरिकेची निवडणूक होती आणि परदेशातून मत पाठवायचं होतं. मिस्टर फ्रँकना घेऊन ते कुरियरच्या ऑफिसात गेले. दोघांनी एकाच काउंटरवर दोन पाकिटं दिली, एकात एका पक्षाला मत, दुसऱ्यात दुसऱ्या पक्षाला. म्हणजे बेरीज शून्य. तिथून दोघं मला हॉस्पिटलच्या दारात भेटायला आले आणि जेवायला घेऊन गेले. जेवणभर भांडले. बिल द्यायच्या वेळीसुद्धा.

मी नंतर पुष्कळ गुडघे वाकवले. युद्धाआधीच्या माहितीबद्दल कोणाचं किती खरं होतं, त्यावर बोलण्याइतकं मी वाचलेलं नाही. माझ्या धंद्यातलं मात्र सांगू शकतो. पेशंटच्या होला हो करणारी माणसं भेटायला आली की तो उशीला टेकतो. विरोधक आला की उठून बसतो. विरोधक फक्त मुलाचं नाव विचारणारा हवा.