घरटी एक माणूस

पळसदरीची खोली मी एकटीनं जाऊन ठरवली. नवरा तेव्हा तुरुंगात होता. मालकाला मी सांगितलं, "ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, आराम हवाय, घराबाहेर फारसे पडणार नाहीत." त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. उरलेलं सांगायचं मात्र माझ्या जिवावर आलं.

उरलेलं असं, की खोपोलीकडच्या एका कारखान्यात संप झाला, दगडफेक झाली, आणि सगळ्यांपुढे उभं राहून बोलणाऱ्या ह्यांचं नाव केसमध्ये लागलं. आत असतानाच छातीचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं. कोर्टानं जामीन दिला, पण तो नजरकैदेसारखाच. दिलेल्या पत्त्यावर राहायचं, दवाखाना सोडून उंबरा ओलांडायचा नाही, पोलीस रोज येऊन बघून जाणार. अट मोडली तर परत आत. खोली सुटली तरी परत आतच, कारण दुसरा पत्ता द्यायला आमच्याकडे नव्हता. कंपनीच्या कॉलनीतलं घर तर गेलंच होतं; तिथल्या शेजारणींनी 'पोलीस केस' ऐकल्यावर माझ्या हातचं हळदीकुंकू घेणंही बंद केलं होतं. मग नव्या गावात आपणहून दवंडी पिटायला मी काही वेडी नव्हते.

हवालदार साध्या कपड्यांत मोटारसायकलवरून यायचा. दाराशी उभा राहून ह्यांना बघायचा, मोबाइलवर फोटो काढायचा आणि जायचा. मालकीणबाई एकदा म्हणाल्या, "तुझा भाऊ लई मायेचा हाय गं, रोज येतो बघ." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी त्याला चहा दिला, त्यानं बिचाऱ्यानं तो घेतला, आणि तेव्हापासून तो माझा भाऊच झाला.

मालकाचे वडील दुपारी आमच्या खिडकीशी येऊन बसत. बाहेर ते, आत हे, आणि मधल्या गजांतून पत्त्यांचा डाव. "भाईर ये की रं, आंब्याखाली बसू," ते म्हणायचे. हे डॉक्टरांवर ढकलायचे. "डॉक्टर काय तुजी सासू हाय?" असं म्हणून म्हातारा खो खो हसायचा. मी आत भाकऱ्या थापत ऐकायचे. इतक्या मोकळ्या माणसाला फसवणं मला आवडत नव्हतं.

एका सकाळी ते झोपेतच गेले.

तिकडची रीत अशी, की मयताला घरटी एक पुरुष जातोच. पाहुणारावळा असो, भांडण असो, माणूस खांदा द्यायला उठतो. न उठणारं घर लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. आमचं दार वेगळं, चूल वेगळी, म्हणजे आमचंही घर मोजलं जाणार, हे मला अंगणात माणसं जमायला लागल्यावर कळलं. मालकाचा धाकटा भाऊ आमच्या दाराशी आला. "चला दादा, बाबा तुमचं नाव रोज काढायचे."

हे उठले. चप्पल पायात घातली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघूनच मला कळलं, की हा माणूस आता निघाला. मी पुढे होऊन दार अडवलं. "ह्यांना नको. मी येते."

"बायका कुठं जातात?" तो चिडला. अंगणातली माणसं वळून बघायला लागली. त्यात मोटारसायकल आली. हवालदार उतरला, गर्दी बघून घुटमळला. मालकीणबाईंनी रडतारडता त्याला ओळखलं. "हिचा भाऊ आला बघा. दादाच्या बदल्यात त्याला घ्या, घरचाच हाय तो."

कुणीतरी त्याच्या हाताला धरलंसुद्धा. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्यानं माझं बिंग फोडलं नाही, आणि तेच मला सोसेना.

"तो माझा भाऊ नाही," मी म्हटलं. "पोलीस आहे. ह्यांच्यावर केस आहे. ह्यांनी उंबरा ओलांडला तर जामीन जाईल."

मालक वडिलांच्या पायाशी उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि भावाला म्हणाला, "उचला." तिरडी आमच्या दारावरून गेली. ह्यांनी आतूनच हात जोडले, आणि मग इतके रडले की मला त्यांच्या छातीची धास्ती वाटायला लागली.

दोन दिवसांनी मालक आला. उभ्याउभ्याच बोलला. "दिवसकार्य झालं की खोली रिकामी करा. केस हाय म्हणून नाय. माझ्या बापाला रोज बनवलंत, म्हणून. आदीच सांगायला काय झालं होतं?"

मी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, नवी जागा असेल तरच कोर्टात अर्ज करता येईल. मग मी हिंडले. चौक गावात एका गॅरेजमागची खोली बघितली आणि आधीच सगळं सांगून टाकलं. तिथला मालक म्हणाला, पोरीबाळींचं घर आहे. लोधिवलीत एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पोहे दिले, आणि मुलाला विचारून कळवते म्हणाल्या. त्यांचा फोन आला नाही. ज्या घरी तोंड उघडलं, तिथून रिकाम्या हातानं आले.

परतले तेव्हा मालक ओट्यावर एकटाच बसला होता, मुंडण केलेल्या डोक्याला टॉवेल गुंडाळून. दुखवट्याच्या घरात आवाज चढवू नये, हे मला कळत होतं. तरी चढला.

"तुम्ही म्हणालात आधी सांगायचं. मी गावोगाव सांगून आले. आता तुम्ही खरं सांगा. पहिल्या दिवशी या ओट्यासमोर उभं राहून मी हे सांगितलं असतं, तर खोली दिली असती?"

त्यानं मान रस्त्याकडे फिरवली. मला वाटलं, उठून आत जाईल.

"नाय दिली असती," तो म्हणाला.

"मग मी काय करायचं होतं?"

"ते मला नका इचारू, ताई." त्यानं टॉवेल सोडून तोंड पुसलं. "राहा."