कॉफीच्या गोनीतले बिब्बे

पोरगी आठ म्हैन्याची व्हती तवाची ही गोष्ट. आता तिला समजाय लागलंय, आन ती गालावरच्या डागाचं इचारती, म्हनून लिहून ठेवते. तोंडानं सांगायला गेले की माजा धीर सुटतो.

आमी सातारकडचे. माजे मालक वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोन्या उचलायचे, सानपाड्याला एका आगरी घराच्या मागच्या खोलीत आमी ऱ्हायचो. पयला मुलगा झाला तवा मी मार्केटात धान्य निवडायला जायचे, तिथं लेकरू आनू द्यायचे न्हायत, म्हनून त्याला गावी सासूबाईंकडं ठेवला. दीड वर्साचा झाला व्हता. आषाढात जुलाब लागले, गावात डाक्टर न्हाय, ओढ्याला पानी, आन माझ्यापत्तुर निरोप आला तवा सगळं उरकलं व्हतं. सासूबाईंना मी बोल लावला न्हाय, त्या रडून रडून अर्ध्या झाल्या व्हत्या. पन पोरगी झाली तवा मनात एवडंच धरलं, हिला नजरेआड करायची न्हाय.

मालक म्हनायचे, "दोगांनी हातपाय हालवल्याबिगर इथं भागत न्हाय. कामाला जायचं तर पोरगी गावाला ठेव."

"पोरीला नेता येईल असं काम बगते की."

"असं काम कोन देतंय तुला, गाळ्याचा शेठ तुजा मामा हाय व्हय?"

ते काम मला घरमालकाच्या आईनं दिलं. तिला सगळी आजीच म्हनायची. तिची भातशेती सरकारनं शहरासाठी घेतली, लेकांनी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, घरात सुना व्हत्या, पन रिकामं बसायची सवय न्हवती तिला. ती तुर्भ्याला एका गाळ्यात कॉफी निवडायला जायची. मला म्हनली, "चल गो माज्या संगती. पोरीला पन घे. मॅडमला मी सांगन, माजी नात हाय म्हनून."

कॉफी म्हंजी मला वाटलं काळी भुकटी, वास सुटलेली. तिथं बगितलं तर हिरवट दाने, भुईमुगाच्या अर्ध्या दान्यावानी, वास कच्च्या गवताचा. आमी सात-आठ बाया लाकडी टेबलाला बसायचो, काळा दाना, फुटका दाना, भोक पडलेला दाना बाजूला काढायचो. पोरगी टेबलाखाली रिकाम्या पोत्यावर, माझ्या पायापाशी. मला वाटायचं, देवानं ऐकलं.

मॅडम वाशीची, शिकलेली, आमच्याच वयाची. पयल्या दिवशी तिनं मला भिंतीवरचा नकाशा दाखवला. "ही कॉफी इथून येते, दक्षिण अमेरिका. बोटीनं. तिकडचे शेतकरी मोठे नाहीत हां, दोन-दोन एकरवाले. सगळे मिळून सोसायटी करतात आणि विकतात. त्यांचा भाव आधीच ठरलेला असतो, घेणाऱ्यानं पाडून मागायचा नाही, असा नियम आहे."

एक बाई मान वर न करता म्हनली, "मॅडम, आन आमचा भाव कोन ठरवतं?"

"तुमचा कंत्राटदार ठरवतो."

"मग आमाला बी तिकडंच धाडा की बोटीत घालून."

सगळ्या हसल्या, मॅडम बी हसली. मग गंभीर होऊन म्हनली, "एक गोष्ट लक्षात ठेवायची. ह्या मालाला पेरल्यापासून औषध मारलेलं नाही. म्हणून त्याला किंमत आहे. इथं आत पावडर नाही, फिनाईल नाही, मच्छर अगरबत्ती नाही, डोक्याला बाम नाही. कुठलंही केमिकल नाही. गोणीवर ही चिठ्ठी आहे ना, ती त्याचीच."

घरी मी मालकांना सांगितलं, तिकडं म्हनं भाव पाडून मागत न्हायत. ते पाठ शेकत पडले व्हते. म्हनले, "मी रोज लिलाव बगतो. तसा व्यापारी अजून जन्माला यायचाय."

श्रावनात हवा अशी ओली झाली की भिंतींना घाम सुटायचा. एका दिवशी मी गोनीचं तोंड सोडलं आन दान्यात किडा चालताना दिसला. बारका, तपकिरी, आपल्या ज्वारीत व्हतो तसलाच. मग अजून एक. मी हात आखडला, कारन कंत्राटदारानं मागंच धमकावलं व्हतं, किडं निघालं तर अख्खा माल परत जाईल आन काम बंद व्हईल. फवारायचं तर न्हाईच. मॅडमला सांगायला पायजे व्हतं, एवडं मला आता कळतं. तवा मला फकस्त पोरगी दिसली, पोत्यावर बसून स्वताच्या पायाचा अंगठा चोखत व्हती. काम बंद म्हंजी ती गावाला. मी गोनीचं तोंड परत बांधलं आन दुसरी गोनी ओढली.

घरी ज्वारीच्या डब्यात आईनं दिलेले बिब्बे व्हते. आमच्याकडं सगळ्याच घरात घालत्यात, कनगीत, डब्यात, बिब्बा असला की किडा लागत न्हाय. बिब्बा काय औषध न्हाय, केमिकल न्हाय, झाडाचं फळ. मला त्यात काय बी चुकीचं वाटलं न्हाय. उलट वाटलं, मॅडमचा नियम बी मोडत न्हाय आन माल बी वाचतो, मीच तेवडी हुशार. दुकानातनं अजून घेतले, ओटीत बांधून नेले, आन दुपारी सगळ्या जेवायला भाईर बसल्या तवा सहा गोन्यांत चार-चार बिब्बे खोल खुपसले. कुनी बगितलं न्हाय.

डब्यातला बिब्बा गप पडून असतो, चेपला तरच त्यातनं काळं तेल सुटतं आन कातडी भाजून काढतं. गोन्यांचं तसं न्हाय, ते मला सुचलंच न्हाय. हमाल गोन्या एकावर एक आपटायचे, लोखंडी हूक मारायचे, दुसऱ्या कोपऱ्यात फेकायचे. मी स्वता हमालाची बायको, रोज ह्यांची पाठ चोळायची, गोनी कशी पडती ते मला ठावं व्हतं, आन तरी बी.

पंधरा दिवसांनी त्यातली एक गोनी आजीच्या पुढ्यात सोडली. मी पलीकडं दुसरा ढीग निवडत व्हते. पोरीला दात येत व्हते, लाळ गळायची, ती किरकिर कराय लागली तशी आजीनं तिला मांडीवर घेतली, हातानं तोंड पुसलं, गाल चोळले, "काय झाला गो माज्या बायला" म्हनत खेळवली. मला बरं वाटलं तवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी उठली ती ओळखू येईना. उजवा गाल सुजून लाल, वर बारीक फोड, डोळा मिटलेला. मालक म्हनले, "काय चावलं का?" बगितल्याबरुबर कळलं मला. बिब्बा उतला की कसा दिसतो ते गावात प्रत्येक बाईला ठावं असतं. खोबरं चावून चावून गालाला लावलं, ती ओरडत व्हती. डाक्टरनं डोळा उघडून बगितला, म्हनला, आतून डोळा बरा दिसतोय, पन काय लागलं हिला? मी म्हनले, "बिब्बा." घरी धान्यात असतो म्हनले. तिथं खरं सांगितलं तेवडंच. मलम घेऊन तशीच तुर्भ्याला गेले, कारन खाडा केला की कंत्राटदार दुसरी बाई बसवायचा.

आजी टेबलापाशी उभी व्हती, दोन्ही हातांना फडकी. पुढ्यात कालची गोनी, मॅडमनं दाने कागदावर पसरले व्हते, काही दान्यांना काळा तेलकट डाग. मॅडमचं तोंड उतरलं व्हतं. "हे काय आहे? मशीनचं तेल आहे का? आजी, तुमच्या हाताला काय झालं, खरं सांगा."

आजीनं एकदा माझ्याकडं बगितलं, मग पोरीच्या गालाकडं. मग मॅडमला म्हनली, "गुडघं दुखतान माजं. बिब्ब्याचं तेल लावतंय. हात धुतलं नाय काल. तेच लागलं."

"आजी, मी किती वेळा सांगितलं होतं."

"म्हातारी हाय, इसरले."

मॅडमनं डागाचे दाने कागदात गुंडाळले. मग म्हनली, "उद्यापासून येऊ नका. मी काय करू, मला वर उत्तर द्यायचंय." आजीनं मान हालवली आन कोपऱ्यातनं पिशवी उचलली. मी गप. पोरीला छातीशी धरून उभी, आन मनात एवडंच, वाचलो, वाचलो, वाचलो. हे लिहायला लाज वाटती, पन तसंच झालं व्हतं.

मॅडमनं ती गोनी बाजूला ठेवायला लावली आन बाकीच्यांना म्हनली, "चला, पुढची घ्या." दोघी बायांनी थप्पीतली दुसरी गोनी ओढली. माज्या सहातलीच एक. त्या दोघींतली एक पोटुशी व्हती. ती सुतळीची गाठ सोडाय लागली, बोटं आत घालायला निघाली.

"हात घालू नगा," मी म्हनले. तिनं ऐकलं न्हाय, परत मोठ्यानं म्हनले. "त्यात बी हायत. सहा गोन्यांत हायत. मी टाकलेत बिब्बे, किडं झालं व्हतं म्हनून. आजीचं काय न्हाय त्यात."

मॅडम खुर्चीवर बसली. म्हनली, "मला सांगायचं ना गं. किड्यांवर उपाय होता. बंद खोलीत थंडीत ठेवतात माल, काही मारावं लागत नाही."

"औषध न्हाय म्हनून टाकले मॅडम. झाडाचं हाय."

"असेल झाडाचं. लोक हे पिणार आहेत. मला लिहून द्यावं लागतं, ह्यात बाहेरचं काही पडलं नाही. आता मी काय लिहू?"

माजं काम गेलं, सहा गोन्या जाळायला गेल्या. उरलेल्या लॉटवरच्या त्या चिठ्ठ्या एका बाईला काढायला बसवलं, मी निघाले तवा ती नखानं खरवडत व्हती. तो माल आता साधी कॉफी म्हनून जानार व्हता. तिकडं कुनीतरी बाईमानसानं उन्हात बसून वेचलेला असनार, इतकी वर्सं फवारनी न करता, रोग पडला तरी सोसून. ते सगळं एका दुपारी माझ्या ओटीतल्या बिब्ब्यांनी पुसलं. त्यांना कधी कळलं बी नसंल.

आजी आन मी बरुबरच निघालो. मार्केटच्या मागनं चालताना ती म्हनली, "कशाला बोललीस? मला काय, घरात सुना हायत. पोर तुज्याकडं दिल्यावर मला काल गोनीतच गावला व्हता एक बिब्बा, चेपलेला. फडक्यात बांधून कमरंला खोसला मी. तुज्या डब्यात बगितलेलं तसलं, तूच टाकलास ते कललं मला."

"बाकीच्या गोन्या व्हत्या की आजी."

ती थांबली. "अजून व्हत्या? मंग बोललीस ते बरा केलास." आन तिनं फडकं बांधलेले हात पोरीपासून लांब धरले, घरापत्तुर.

मालकांनी काय मारलं न्हाय, ओरडले बी न्हायत. त्यानंच मला जास्त भ्या वाटलं. ते फोनच्या दुकानावर जाऊन आले आन म्हनले, "आई येतीय रविवारी. पोरगी जाईल तिच्यासंगं. तुला मार्केटात परत धान्य निवडायला घेत्यात, मुकादमाशी बोललोय." मी म्हनले, गालाचं बरं व्हऊ द्या. ते म्हनले, "तिकडं काय गाल बरा व्हत न्हाय? इथं आईच्या हाताखाली काय झालं ते बगितलं की." रविवारपत्तुर मी रोज एकच हिशेब करत ऱ्हायले, गावात आता डाक्टर हाय का, ओढ्यावर पूल झाला का, कुनाला इचारायचं.

सासूबाई आल्या. पोरीचा गाल बगून त्यांचा जीव हलला, पन माझ्यासमोर त्या तिला उचलून घ्यायला बी भीत व्हत्या. आदल्या पोराचं त्यांच्या बी डोक्यातनं गेलं न्हवतं.

दुपारी हायवेला सातारची गाडी थांबली. मालकांनी पिशवी वर दिली, मी पोरीला घेऊन आत चढले, सासूबाईंना जागेवर बसवलं, पोरगी त्यांच्या मांडीवर ठेवली. मलम कसं लावायचं, पानी उकळून द्यायचं, उकळूनच द्यायचं, दोनदा सांगितलं. पोरगी माझं बोट सोडंना. कंडक्टर म्हनला, "सोडायला आलेल्यांनी उतरून घ्या."

मी बसले.

सासूबाईंनी माझ्याकडं बगितलं. "अगं, गाडी निघतीय."

"निगू द्या."

"कापडं न्हायत तुजी. आन तो काय म्हनंल?"

खाली मालक खिडकीवर हात मारत व्हते, "उतर की, काय करतीस, उतर." मी खिडकीकडं बगितलंच न्हाय, बगितलं असतं तर उतरले असते. मी पोरीला परत माझ्या मांडीवर घेतली, डाव्या गालावर, न भाजलेल्या, तोंड ठेवलं. सासूबाई जरा सरकल्या, मला नीट बसायला जागा केली, आन पदराची गाठ सोडून कंडक्टरला म्हनल्या, "दोन द्या."