गोळीएवढा सेल

धंतोलीत कानाच्या मशीनचं क्लिनिक टाकलं की किस्से आपल्या पायांनी चालत येतात. मी तर इतके जमवलेत, की एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच तोंड घालतो! बहुतेकांच्या मुळाशी एकच वस्तू : मशीनमधला बटणाएवढा सेल.

*

कळमेश्वरचे एक रिटायर्ड मास्तर. महिन्यातच पाकिटातले सहाही सेल संपले म्हणून तणतणत आले.

"वरचं स्टिकर कधी काढलं?" मी विचारलं.

"सगळ्यांचं एकदमच! ऐन वेळी धडपड कोण करंल?"

मी समजावलं, स्टिकरखाली बारीक भोकं असतात. ते काढलं की हवा आत शिरते, हवेतला ऑक्सिजन आणि आतलं जस्त यांची प्रक्रिया होते, त्यातून वीज मिळते. म्हणून स्टिकर वापरायच्या वेळीच काढायचं.

मास्तर हळहळले. "म्हणजे बिचारे महिनाभर डब्यात फुकट श्वास घेऊन राहिले होते!"

*

जरीपटक्याच्या काकूंचं उलटं. त्यांनी स्टिकर काढलंच नव्हतं. मशीन बंद!

"नव्या वस्तूचं स्टिकर काहून काढावं? आमच्या फ्रिजचं बी अजून हाय!"

*

आमच्या रिसेप्शनवरच्या सुषमाताई एकदा चॉकलेट खाताना किंचाळल्या. वेष्टनाच्या चांदीचा तुकडा दाढेखाली आला आणि झटका बसला! दाढेत जुनं धातूचं फिलिंग. मी म्हटलं, "दोन वेगळे धातू आणि मध्ये लाळ, झाला सेल तयार!"

त्या गाल धरून म्हणाल्या, "मॅडम, मले लाइनमन पाहिजे का डेंटिस्ट, तेवढं सांगा!"

*

आणि उमरेडच्या आजी. मुलगा घेऊन आला, "सकाळपासून मशीन बंद हाय."

सेलचं झाकण उघडलं. आत पांढरी गोळी. बीपीची!

मी आजींच्या कानाशी वाकून ओरडले, "आजी, सकाळची गोळी घेतली?"

"घेतली ना वं! आज लई गुळगुळीत होती."

तसेच तिघं समोरच्या हॉस्पिटलात धावलो. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर लाळेतून करंट वाहतो, आतलं भाजून निघतं. एक्स-रे होईपर्यंत मी कॉरिडॉरमध्ये येरझारा घालत होते. आजी सगळ्यांना विचारत होत्या, "काय झालं गा? कोणाले झालं?"

सेल पोटात उतरला होता. "पडेल बाहेर, पण लक्ष ठेवा," डॉक्टर म्हणाले.

दोन दिवस फोन वाजला की मी दचकायचे. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. "मॅडम, निघाला!"

तेवढ्यात फोनवरच मागून आजींचा खणखणीत आवाज आला, "धुऊन ठेवला म्हण! विचार त्यायले, चालंल का?"