जांभळ्याच्या पल्याड

चौऱ्याऐंशी साली हुमनाबादच्या शिबिरात मोतीबिंदू काढून सावित्रीबाई हळ्ळीखेडला परतल्या. जाड भिंगाचा चष्मा लावून दोरीवरचं लुगडं बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "शोभा, नीळ लई घातलीस गं."

"न्हाई आत्याबाई, नीळ संपून महिना झाला."

मग दूध निळसर, भात निळसर. आधी घरचे हसले. पण एकदा शोभा नवऱ्याला हळूच म्हणाली, "आत्याबाईंच्या डोक्यात तर फरक पडला नसंल?" सावित्रीबाईंच्या कानावर ते पडलं. त्यानंतर त्यांनी निळ्याचं नाव काढलं नाही.

उन्हाळ्यात लेक आली. विशाखा हैदराबादला ताऱ्यांवर संशोधन करायची. नवऱ्यामागं दुसऱ्यांच्या तुरी कापून सावित्रीबाईंनी तिला शिकवलं होतं, पण ती नेमकं काय करते हे त्यांना कधी उमगलं नव्हतं. आई ताटातल्या भाताकडं बघत बसलेली पाहून विशाखानं विचारलं, "काय झालं माय?"

"कायबी न्हाई. तू हसशील."

"न्हाई हसत. सांग."

त्यांनी सांगितलं. विशाखा हसली नाही. पिशवीतून तिनं उजेडाचे रंग सुटे करून दाखवणारी वितीएवढी पितळी नळी काढली, आईला अंगणात नेलं. "सूर्याकडं न्हाई, त्या चुन्याच्या भिंतीकडं धर. काय दिसायलंय?"

"अगं बाई, रंगच रंग! मधी बारीक काळ्या रेघा."

"जांभळ्याच्या शेवटाला?"

"दोन जाड रेघा, शेजारी शेजारी. त्याच्या पल्याडबी उजेड हाय की."

विशाखानं नळी घेऊन पाहिलं. तिला जांभळं नुसतं अंधारात विरताना दिसलं. ती आईचा हात धरून खाली बसली. "माय, त्या रेघा मला फोटोतच दिसतात. तुझ्या डोळ्यातलं भिंग काढलं ना, तेच हा उजेड अडवीत हुतं. आता तो आत येतोय, म्हणून तुला निळं दिसतंय ते खरंय."

सावित्रीबाईंनी चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. "शोभालाबी सांग," एवढंच म्हणाल्या.

शोभा चुलीपुढून उठून आली. सगळं ऐकून ती वरमली, सासूला खेटून बसली.

"आन् तू ह्या रेघांचं काय करतीस?" सावित्रीबाईंनी लेकीला विचारलं.

"सूर्य जुना, शांत तारा. त्याची रेघ काळी. नुकत्या जन्मलेल्या ताऱ्याच्या अंगावरचा पातळ थर लई खवळलेला असतो. मग त्या काळ्या रेघेच्या मधोमध उजेड पेटतो. त्यावरनं मी त्याचा दंगा मोजते."

"तान्हं हाय, करंलच की दंगा. पुढं?"

"जन्मल्यावर भराभरा फिरतो. वय वाढंल तसा मंदावतो, निवतो."

पावसाळ्यानंतर सावित्रीबाई हैदराबादला गेल्या. विशाखानं एका कोवळ्या ताऱ्याच्या उजेडाचा फोटो समोर ठेवला. काळ्या रेघेच्या पोटात उजेडाचा बारीक धागा होता. सावित्रीबाईंनी बराच वेळ त्यावर वाकून पाहिलं, मग बोटाचं टोक अलगद टेकवलं.

"कोण निजवतंय बाई ह्याला?" त्या म्हणाल्या.