फाटकाबाहेरचं पाणी

विहिरीवर दोघांचं भांडण पेटलं होतं आणि मी भरलेली घागर पुन्हा विसळायच्या निमित्तानं थांबून ऐकत होते.

"संप आमचा चपराश्यांचा हाये, भुरीबाई. तू पाणीवाली. तुले कायची पिनसन?" शाळेचा चपराशी उकंडा म्हणाला.

"काहून? तुह्या घंटीनं पोरं वर्गात जातेत, पर टिकतेत माह्या पान्यानं. तुही घंटी पेऊन पाह्य एक दिवस!"

"लोक हसतीन आमच्या संपाले."

"मंग आता कोनाले हासून राह्यले ते?"

विहिरीवरच्या साऱ्या बाया उकंडालाच हसत होत्या. तो बिचारा दोर तसाच टाकून गेला.

हे दोघंही आमच्या महागावकडच्या गावातल्या संस्थेच्या शाळेत कामाला. सरकारी शाळेतल्या चपराश्याला म्हातारपणी पेन्शन, आणि संस्थेच्या शाळेत हातपाय थकले की नुसता रामराम. म्हणून आमच्या भागातल्या संस्थांचे चपराशी संपाला निघाले होते. नवं मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझी शाळा दुसरीतच सुटली, पण सासरचं घर शाळेसमोर, त्यामुळे पुढचे वर्ग मी कानांनी केले. हा संपही तसाच शिकले.

भुरीबाई तांड्यावरची. अंगात आरशांची कांचळी, डोक्यावर एकावर एक दोन घागरी. ती चालली की पायातले वाळे वाजत, पण घागरीतलं पाणी वाजत नसे. सारी शाळा तिला याडी म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. एका नव्या मास्तरांना वाटलं, पोरं म्हातारीला येडी म्हणतात. त्यांनी दोघांचे कान पिळले. मग भुरीबाईनंच येऊन ते कान सोडवले.

संप सुरू झाला तो नेमका चैतात, सकाळच्या शाळेच्या दिवसांत. घंटी हेडमास्तरांनी स्वतः वाजवली. पाण्याचं मात्र त्यांना कोडं पडलं नाही. "याडी पोरांची तहान बघणार नाही, येईल," असं ते सगळ्यांना सांगत होते. तिला ते चांगलं ओळखत होते, हीच आम्हाला धास्ती.

ती आलीच. पण फाटकाच्या आत नाही. बाहेर लिंबाखाली तिनं घरचे माठ मांडले, घरचा गडवा ठेवला. सुट्टी झाली तशी पोरं फाटकातून उधळली. मागोमाग हेडमास्तर.

"भुरीबाई, हे काम झालं की संप?"

"शाळेचा रांजण कोरडा हाये ना, मास्तर?"

"कोरडा आहे."

"मंग संप हाये. हे माह्या घरचं पानी. आमची लदेणी माल लादलेली बैलं घेऊन मुलूखभर फिरे, तवाबी वाटेवरच्याले आमी पानी इकलं नाही. तुमीबी प्या."

त्या दिवशी मास्तर प्यायले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र फाटकाबाहेर आले, वाकले, ओंजळ धरली. त्यांच्यामागे बाकीचे मास्तर. त्याच लिंबाखाली संपाची सतरंजी टाकून बसलेला उकंडा हे सगळं बघत होता. त्यानं सतरंजीवर सरकून जागा केली.

"बस भुरीबाई. संप तुहाबी हाये."

"म्या बसल्यावर पानी कोन पाजन? तूच ऊठ, माठ धर."

उकंडा उठला.

असं चाललं असताना यवतमाळहून साहेब शाळा तपासायला आले. उन्हानं जीव कासावीस, रांजण ठणठणीत. शेवटी तेही लिंबाखाली येऊन वाकले.

"बाई, तुम्ही शाळेत कोण?"

"तेच तं इचारून राह्यलो आमी, साहेब. मी कोन?"

साहेबांची ओंजळ भरून वाहिली, बुशकोट भिजला, तरी ते पीत नव्हते. मग आत जाऊन संस्थेच्या अध्यक्षांशी बराच वेळ बोलत बसले.

एका ओंजळीनं पेन्शन मिळाली असं नाही हो. संप मिटला, पुन्हा झाला, कितीतरी खेटे पडले. पण मागणी मान्य झाली तेव्हा चपराश्यांच्या बरोबरीनं पाणीवालीलाही शाळेची कायम नोकर धरलं. ते सांगायला उकंडा तांड्यावर पळत गेला आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला याडी म्हणाला. मी तर घरी गूळ वाटला. सासूबाईंनी विचारलं, कोणाचं काय झालं? म्हटलं, आपल्या भुरीबाईचं नाव झालं.

पुढं काही वर्षांनी ती निवृत्त झाली. शाळेनं निरोप दिला, शाल-नारळ केलं. शाळेतल्या खुर्चीवर ती पहिल्यांदाच बसली, तीही कडेला, उठायच्या बेतानं. हेडमास्तरांचं भाषण चांगलंच लांबलं. तेवढ्यात एक पोरगी रांजणाशी गेली आणि तिचा गिलास तळाला खणकन वाजला.

भुरीबाईनं नारळ खुर्चीवर ठेवला आणि डोक्यावर चुंबळ घेतली.

"याडी, आज तरी बसा," हेडमास्तर म्हणाले.

"तुमचं चालू द्या, मास्तर."

ती विहिरीवर गेली, आली, पुन्हा गेली. फडक्यातून गाळून रांजण काठोकाठ भरला, त्यावर झाकण ठेवलं, झाकणावर गिलास पालथा घातला, आणि रिकाम्या घागरी घेऊन तांड्याच्या वाटेला लागली.