अर्थिंगला पाणी घालणारे भाऊ

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी पत्र आलं आहे: आपल्या जुन्या रेडिओतल्या सहकाऱ्यांच्या आठवणी लिहा. सोबत नावांची यादी. त्यात रेडिओचे प्रमुख प्राध्यापक आहेत, आम्ही तिघं निवेदक आहोत, एकदाच बासरी वाजवून गेलेला मुलगासुद्धा आहे. भाऊ नाहीत. वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

रेडिओ कसला, पदार्थविज्ञानाच्या अडगळीच्या खोलीत एक माइक, आवाज वाढवणारं एक मशीन आणि आवारात तीन भोंगे. साठ सालच्या आसपास अमरावतीत तेवढ्याचंही आम्हाला कोण कौतुक! दुपारी पंधरा मिनिटं बातम्या, सूचना, एखादं गाणं. अकोल्याहून शिकायला आलेली मी बातम्या वाचायचे आणि दिवसभर तोऱ्यात फिरायचे.

भाऊ प्रयोगशाळेतले शिपाई. मशीन आधीपासून चालू ठेवून तेच तापवायचे, तारा तेच जोडायचे. उन्हाळ्यात आमची काळी जमीन भेगाळते, अर्थिंगची तार कोरडी पडते आणि भोंग्यातून नुसती घरघर येते. म्हणून रोज प्रसारणाआधी भाऊ लिंबाखाली पुरलेल्या त्या तारेला बादलीभर पाणी घालायचे. आम्ही चिडवायचो, "भाऊ, तारेला पालवी फुटली का?"

"फुटन ना ताई. घाई कावून करून राहिल्या?"

एकदा ते लग्नाला तेल्हाऱ्याला गेले आणि नेमकं त्याच दिवशी प्राचार्यांचं भाषण. पाण्याची आठवण आमच्यापैकी एकालाही झाली नाही. सगळं भाषण घरघरीत बुडालं. रेडिओ कोण चालवतं, ते मला त्या दिवशी कळलं.

दर शनिवारी शेवटी काम करणाऱ्यांची नावं वाचायची आमची पद्धत होती. त्या शनिवारी मी पहिलं नाव भाऊंचं वाचलं. प्राध्यापक तणतणत आले. "शिपायाचं नाव माइकवरून? त्याला पगार मिळतो."

"सर, पगार तुम्हालाही मिळतो. तुमचं नाव मी दर शनिवारी वाचते."

सोमवारपासून माझा माइक बंद. माफी मागितली असती तर परत मिळाला असता. नाही मागितली, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

भाऊ मात्र रागावले. "माह्यासाठी कावून भांडल्या ताई? आता बातम्या कोन वाचन?" मग बादली उचलता उचलता म्हणाले, "पन मी भोंग्याखालीच उभा होतो. पुरं आयकलं."

परवा स्मरणिकेच्या संपादकांना कळवलं, भाऊंचं नाव घाला. उत्तर आलं, यादी फक्त विद्यार्थी आणि प्राध्यापकांची आहे.

बरं. मग हा घ्या लेख. यात प्राध्यापकांचं नाव नाही, बासरीवाल्याचं नाही, खाली माझंही नाही. भाऊंचं छापाल त्या दिवशी बाकीची मागा.